आर्चरी रोडवरची हिरवळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीचा फोन आला तेव्हा माझा विषय त्यांनी आधीच ठरवून टाकला होता. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल. वीस मिनिटं. सगळ्यांना कळेल असं." मी म्हटलं, त्या विषयावर हल्ली प्रत्येकाच्या घरातला आठवीतला मुलगा माझ्यापेक्षा जास्त बोलतो. मला मी राहते त्या गावातल्या एका मैदानाबद्दल बोलू द्या. कुठला खेळ, असं विचारलं. लॉन बोल्स, म्हटलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "बरं, पण वीसच मिनिटं."

तेव्हा वीस मिनिटांत आटपते. आज दुपारच्या चहानंतर आपण सगळे एका ठरावावर मत देणार आहोत आणि तोही एका मैदानाचाच आहे. माझ्या बोलण्याचा त्याच्याशी संबंध आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मागच्या बाकावरची मंडळी म्हणतील, ही इंग्लंडच्या गप्पा कशाला मारतेय.

मी राहते ते गाव म्हणजे लेमिंग्टन स्पा. इंग्लंडच्या मधोमध, वॉरिकशरमध्ये, बर्मिंगहॅमपासून गाडीने पाऊण तासावर. इथल्या खारट पाण्याच्या झऱ्यांमुळे एकोणिसाव्या शतकात पैसेवाले लोक तब्येत सुधारायला येत. १८३८ साली व्हिक्टोरिया राणीने गावाच्या नावाआधी 'रॉयल' लावायची परवानगी दिली. ज्याला आपण लॉन टेनिस म्हणतो त्याचा जगातला पहिला क्लबही १८७२ साली याच गावात निघाला. गाव छोटंसं, मधून लीम नावाची नदी वाहते आणि नदीकाठी व्हिक्टोरिया पार्क आहे. त्या पार्कात लॉन बोल्सची मैदानं आहेत. मैदानाला ते 'ग्रीन' म्हणतात.

खेळ कसा असतो ते सांगते. तुम्ही गोट्या खेळला आहात ना? मग निम्मा कळलाच. आधी एक छोटा पांढरा किंवा पिवळा चेंडू हिरवळीवर दूर सोडतात, त्याला जॅक म्हणतात. मग दोन्ही बाजूंचे खेळाडू आळीपाळीने आपापले मोठे गोळे त्याच्या दिशेने सोडतात. ज्याचा गोळा जॅकच्या सगळ्यात जवळ, गुण त्याचा. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या गोळ्यापेक्षा आपले जितके गोळे जवळ, तितके गुण. गोळा जवळजवळ दीड किलोचा, आणि फेकायचा नाही, वाकून गवतावर सोडायचा.

खरी गंमत पुढे आहे. हा गोळा पूर्ण गोल नसतो. तो एका बाजूला किंचित कमी गोल घडवलेला असतो, त्यामुळे सरळ सोडला तरी वळतो. वेगात असताना वळण जेमतेम जाणवतं. वेग कमी होत जातो तसं वळण वाढतं आणि थांबता थांबता तो चांगलाच आत वळतो. कुठल्या बाजूला वळणार ते कळावं म्हणून त्या अंगावर लहान वर्तुळाची खूण असते. म्हणजे जिथे पोचायचंय तिकडे बघून सोडला तर नक्की चुकणार. बाहेरच्या बाजूला नेम धरायचा आणि वळण्याचं काम गोळ्यावर सोपवायचं. पूर्वी वळण यावं म्हणून लाकडी गोळ्यात शिसं घालत, आता आकारातच ते साधतात. १५२२ साली सफोकच्या ड्यूकचा गोळा फुटला, त्याने जिन्याच्या कठड्यावरचा लाकडी गोळा काढून आणला, तो एका बाजूने चपटा होता आणि तिथून हे वळण सुरू झालं, अशी एक दंतकथा सांगतात. खरी असो वा नसो, जिन्याचा कठडा मोडणारी पोरं आपल्या वर्गातही होती.

गणिताच्या सरांसाठी आणखी एक. सोडलेला गोळा जॅकला शिवला, तर त्याच्यावर खडूने खूण करतात. खूण झालेला गोळा पुढे मैदानाच्या कडेच्या चरात पडला तरी जिवंत धरतात, बिनखडूचा पडला तर बाद. इतक्या आधुनिक स्पर्धांत खिशात खडू ठेवून हिंडणारी माणसं पाहिली की मला आपला फळा आठवतो.

आता जागेबद्दल. लेमिंग्टनची ही ग्रीन ज्या रस्त्यावर आहेत त्याचं नाव आर्चरी रोड. आर्चरी म्हणजे धनुर्विद्या. गावात नवीन होते तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. पुढे या खेळाचा इतिहास वाचला आणि त्या पाटीजवळ उभी राहून एकटीच हसले. कारण इंग्लंडात हा खेळ शतकानुशतकं बंद ठेवला गेला तो धनुष्यबाणापायीच.

झालं असं की, मध्ययुगात इंग्लंडच्या सैन्याची भिस्त लांब धनुष्यांवर होती. ते ओढायला लहानपणापासूनचा सराव लागतो. लोक सुट्टीच्या दिवशी धनुष्य सोडून गोळे खेळायला लागले, तर सैनिक कुठून आणायचे? म्हणून चौदाव्या शतकात तिसऱ्या एडवर्डने आणि नंतर दुसऱ्या रिचर्डने अशा खेळांवर बंदी घातली. सगळ्यात कडक कायदा आठव्या हेन्रीचा, १५४१ सालचा. त्यात कारागीर, मजूर, नोकर, शिकाऊ उमेदवार यांनी बोल्स खेळायचं नाही, फक्त नाताळात चालेल, तेही मालकाच्या घरी, त्याच्या देखत. स्वतःच्या बागेबाहेर कुणी खेळताना सापडला तर दंड सहा शिलिंग आठ पेन्स. पण ज्याच्या जमिनीचं उत्पन्न वर्षाला शंभर पौंड, त्याला परवाना काढून स्वतःच्या ग्रीनवर खेळता येई.

म्हणजे धनुष्यबाणाचं निमित्त काही काळाने उरलं नाही, बंदुका आल्या. कायदा मात्र राहिला. मैदान ज्याचं, खेळ त्याचा, एवढाच त्याचा अर्थ उरला. १५८८ साली स्पेनचं आरमार चालून आलं तेव्हा सर फ्रान्सिस ड्रेक प्लिमथच्या टेकडीवर बोल्स खेळत होता आणि डाव संपवूनच उठला, ही गोष्ट इंग्लंडात पोराटोरांना पाठ असते. ती घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिली गेली, तेव्हा खरी-खोटी देव जाणे. मला तिच्यात वेगळंच दिसतं. त्याच दिवशी प्लिमथच्या बंदरातला एखादा हमाल खेळताना सापडला असता, तर त्याला दंड झाला असता.

हा कायदा रद्द झाला १८४५ साली. तीनशे चार वर्षांनी.

तोवर काही ठिकाणी ग्रीन टिकून होती. साउदॅम्प्टनचं जुनं बोलिंग ग्रीन १२९९ पासूनचं मानतात. चेस्टरफील्डवाले म्हणतात आमचं १२९४ चं. हा वाद आपल्याकडच्या 'आमचा गणपती मानाचा' या धर्तीवर चालतो, त्यात मी पडत नाही. साउदॅम्प्टनला १७७६ पासून एक स्पर्धा होते. ती जिंकणाऱ्याला क्लबात 'सर' म्हणतात आणि मग त्याला पुन्हा तिच्यात उतरता येत नाही. एकदा सर झालात की टोपी घालून पंच व्हायचं. आपल्या शाळेतही सर झाल्यावर कुणी लगोरी खेळताना पाहिलं नाही, तसंच हे.

सामान्य माणसापर्यंत खेळ पोचला त्याची दोन कारणं मला महत्त्वाची वाटतात, आणि इंजिनिअर असल्यामुळे पहिलं जरा जास्तच आवडतं. ग्लॉस्टरशरमधल्या एडविन बडिंगने कापड गिरणीत लोकरी कापडाची लव कापायचं यंत्र पाहिलं. असंच गवत का कापू नये, असं त्याच्या मनात आलं आणि १८३० साली त्याने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधी गवत एकसारखं ठेवायला विळा चालवणारे कसबी गडी लागत, नाहीतर मेंढ्या. म्हणजे मैदान राखणं श्रीमंतांचंच काम. यंत्र आलं आणि गावातल्या वीस-तीस माणसांनी वर्गणी काढून ग्रीन राखणं शक्य झालं.

दुसरं कारण कागदावरचं. स्कॉटलंडात या खेळाला इंग्लंडसारखी बंदी नव्हती, तिथे तो चांगला रुजला होता. पण प्रत्येक गावाचे नियम वेगळे. १८४८ साली ग्लासगोत वेगवेगळ्या क्लबांचे सुमारे दोनशे खेळाडू जमले आणि विल्यम मिचेल नावाच्या वकिलावर नियम लिहायचं काम सोपवलं. त्याने ते लिहिले, १८६४ मध्ये पुस्तकही काढलं. आजचे नियम मुळात तिथलेच. पुढे १९०३ मध्ये इंग्लंडची संघटना झाली. तिचा पहिला अध्यक्ष डब्ल्यू. जी. ग्रेस. होय, तोच लांब दाढीवाला क्रिकेटवाला. पुढे त्याला या गोळ्यांचा नाद लागला होता.

गडी, वकील, क्रिकेटवाले. अजून एकही बाई आलेली नाही, हे मैत्रिणींच्या लक्षात आलंच असेल.

१९०३ ची ती संघटना पुरुषांची होती. बायकांची जगातली पहिली संघटना निघाली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, १९०७ साली. इंग्लंडातल्या बायकांची निघाली १९३१ मध्ये. राष्ट्रकुल स्पर्धांत पुरुषांचं बोल्स १९३० पासून, म्हणजे अगदी पहिल्या स्पर्धेपासून. बायकांना तिथे जागा मिळाली १९८२ मध्ये, ब्रिस्बेनला. बावन्न वर्षं गेली. धावण्यात, उडी मारण्यात ताकदीचं निमित्त पुढे करतात. इथे तर तेही नव्हतं. दीड किलोचा गोळा वाकून सोडायचा आहे. आपल्या आज्या याच्या कितीतरी पट वजनाची घागर डोक्यावर घेऊन चालायच्या.

इंग्लंडात पुरुषांची आणि बायकांची संघटना एक झाली ती थेट २००८ मध्ये. तोवर सगळं वेगवेगळं चालायचं. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धा समुद्राकाठच्या वर्दिंगला, आणि बायकांच्या लेमिंग्टनला. म्हणजे आमच्या आर्चरी रोडवर. अनेक दशकं ऑगस्ट महिन्यात देशभरच्या बायका पांढरे कपडे घालून, गोळ्यांच्या पिशव्या घेऊन या गावात यायच्या. १९९६ मध्ये बायकांची जागतिक स्पर्धाही इथेच झाली. २०१४ पासून पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धाही वर्दिंग सोडून इथे आल्या. बायकांनी राखलेल्या मैदानावर पुरुष आले, असं घडलेलं मला फार ठिकाणी माहीत नाही.

२०२२ ची राष्ट्रकुल स्पर्धा बर्मिंगहॅमच्या नावाने झाली, पण बोल्स लेमिंग्टनला. २ ऑगस्टला, मंगळवारी, बायकांच्या चौघींच्या गटाचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. उपांत्य फेरीत भारताने न्यूझीलंडला १६-१३ असं हरवलं होतं. मी ऑफिसात अर्धी रजा टाकली. कारण काय लिहू? 'गावातलं काम' असं लिहिलं, ते खोटं नव्हतं.

आपल्या चौघी म्हणजे लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा रानी तिर्की. लव्हली चौबे झारखंड पोलिसात. आधी धावपटू, दुखापतीने ते सुटलं. पिंकी दिल्लीच्या शाळेत पी.टी.च्या बाई. नयनमोनी तेव्हा आसामच्या वनखात्यात, आधी वजन उचलायची, पायाच्या दुखण्याने ते थांबलं. रूपा रानी झारखंडच्या, आधी कबड्डीपटू, नंतर जिल्हा क्रीडा अधिकारी. दोघी तिशीतल्या, दोघी चाळिशीच्या आसपास. म्हणजे आपल्याच वयाच्या, मैत्रिणींनो. दुसऱ्या खेळांनी ज्यांना 'तुझं झालं आता' म्हणून बाहेर काढलं, त्या इथे नव्याने उभ्या राहिल्या होत्या.

सामन्यात पंधरा फेऱ्या असतात. भारताने ८-२ अशी आघाडी घेतली. माझ्या शेजारच्या इंग्लिश आजोबांना मी उगाच ऐटीत हसून दाखवलं. मग दक्षिण आफ्रिकेने गाठलं, आणि १०-८ असं पुढेही गेल्या. तेव्हा मात्र मी आजोबांकडे बघणं बंद केलं. ते म्हणाले, "घाई करू नका, या खेळात शेवटचा गोळा कोण सोडतं ते बघायचं." शेवटचे दोन गोळे रूपा रानीचे असत. ती चौघींची स्किप, म्हणजे कप्तान. तिथून पुढे दक्षिण आफ्रिकेला एक गुण मिळाला नाही. आपण सलग नऊ केले. १७-१०. या खेळात भारताचं ते पहिलं पदक, तेही सोन्याचं. चार दिवसांनी आपल्या पुरुषांनी रौप्यही मिळवलं.

त्या दिवशी भारतात बहुतेकांनी हा खेळ पहिल्यांदा ऐकला. माझ्या आईने फोन करून विचारलं, "गोट्यांचं सोनं म्हणे?"

आता मी ज्याच्यासाठी एवढं सांगितलं ते. या चौघी कुठून आल्या? कोलकात्यात इंग्रजांच्या काळापासून काही क्लबांत हा खेळ होता, पण त्या क्लबांतून त्या आल्या नाहीत. २००७ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी गुवाहाटीत ग्रीन झालं. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत झालं, तेव्हाच भारत या खेळात पहिल्यांदा उतरला. रांचीजवळ नामकुमला झालं. आसामची एक, दिल्लीची एक, झारखंडच्या दोघी. चौघींचे पत्ते आणि ग्रीनचे पत्ते जुळवून बघा. आधी मैदान झालं, मग खेळाडू निघाले. आपल्याकडे उलटं म्हणायची पद्धत आहे: आधी मुली चमकू द्या, मग बघू जागेचं.

ठराव आपल्या सगळ्यांच्या हातातल्या कागदावर आहे. आपल्या निधीतून नवीन संगणक कक्ष बांधायचा आणि तो मैदानाच्या विहिरीकडच्या कोपऱ्यात बांधायचा. ज्यांनी हा आराखडा केला त्यांचा हेतू चांगला आहे, त्यांनी घरचं काम असल्यासारख्या खेपा घातल्या आहेत. मी सॉफ्टवेअरवाली, तेव्हा माझा हात सगळ्यात आधी वर होईल असं धरलं गेलं असणार. संगणक कक्ष हवा, यात मला शंका नाही. पण तो कुठे बांधायचा?

विहिरीकडचा कोपरा म्हणजे मुलींचा कोपरा. आपल्या वेळी मोठं मैदान मुलांचं होतं, क्रिकेट आणि कबड्डीचं. मुलींना तो कोपरा, लंगडी आणि खो-खोला. तेही सातवीपर्यंत. आठवीत शिवणाचा तास पी.टी.च्या जागी आला, आणि आमच्या वर्गातली खो-खोची सगळ्यात चपळ मुलगी काजं-बटणं शिकायला लागली. ती आज इथे बसली आहे, तिचं नाव घेत नाही, मला मारेल. परवा मी शाळेत गेले तेव्हा मधल्या सुट्टीत तिथे मुली खेळत होत्या, मुलं पलीकडे. म्हणजे वाटणी अजून तशीच आहे. त्यातला मुलींचा वाटा आपण विटा-सिमेंटने भरायला निघालो आहोत.

संगणक मी रोज वापरते, म्हणून सांगते: आज घेतलेली यंत्रं पाच-सहा वर्षांत जुनी होतात, आणि ती ठेवायला जमिनीवरचीच जागा लागते असं नाही. जुन्या चित्रकला हॉलचं छत दुरुस्त केलं, तारा नीट टाकल्या, विजेचा भार वाढवून घेतला, की कक्ष तिथे होतो. मी आणि आपल्या बॅचचे दोघे सिव्हिलवाले काल जाऊन मापं घेऊन आलो. भिंती भक्कम आहेत, पावसाळ्यात गळतं ते पन्हळ तुंबल्यामुळे. अंदाजपत्रक आम्ही मुख्याध्यापकांकडे दिलं आहे. ते नव्या बांधकामापेक्षा कमी आहे. उरलेल्या पैशांत कोपऱ्याची जमीन सपाट करायची, पाणी निघून जाईल असा चर काढायचा, आणि आठवी ते दहावीच्या मुलींना आठवड्यातून चार तास ते मैदान राखून ठेवायचं. हे तोंडी नको, वेळापत्रकात छापून हवं. बोल्स नको, घाबरू नका. खो-खो चालेल.

ठरावाला दुरुस्ती म्हणून मी हे लेखी दिलं आहे, सूचक मी, अनुमोदक ती काजं-बटणंवाली. कुणाला काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा. आमच्या भूगोलाच्या बाईंचा हात वर दिसतोय, म्हणजे मला पुन्हा उभं राहावं लागणार.